माई ग्रुपवर का बोलत नाहीत: एका फोनचा प्रकरण अभ्यास

इंदूरच्या रामबाग भागातलं मराठी कुटुंब. माईंचं वय ७७. घरात सगळे त्यांना माईच म्हणतात, म्हणून इथेही तेच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात इंदुरात एकत्र. धाकटी बहीण ग्वाल्हेरला लष्करमध्ये. बाकी दीर, नणंदा, भाचे, पुतणे बडोद्यापासून बंगळुरूपर्यंत. या सगळ्यांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर एक कुटुंबाचा ग्रुप आहे. शिवाय गल्लीचा एक हिंदी ग्रुप, ज्यावर नर्मदेचं पाणी आज येणार की उद्या एवढाच विषय वर्षभर पुरतो.

हे प्रकरण माझ्याकडे डोळ्यांचं म्हणून आलंच नाही. दृष्टी कमी झालेल्या मोठ्या माणसांना फोन वापरायला शिकवणं हे माझं काम, ते कळून सूनबाईंनी फोन केला. पण बोलण्याचा सूर वेगळा होता. "माई ग्रुपवर कुणालाच उत्तर देत नाहीत हो. ग्वाल्हेरच्या मावशी म्हणतात, रुसल्यात." रुसव्याचं कारणही नातेवाइकांनी परस्पर शोधून ठेवलं होतं. पुतण्याच्या मुलाची मुंज झाली, तिला माई गेल्या नाहीत, आणि येत नाही असा साधा निरोपही त्यांनी दिला नाही. मुंजीची पत्रिका ग्रुपवर फोटो म्हणून आली होती. वेगळा फोन कुणी केला नाही, कारण "ग्रुपवर टाकलीय की."

माईंपर्यंत ती पत्रिका पोचलीच नव्हती. फोनवर एक चौकोनी रंगीत काहीतरी आलं, एवढंच त्यांना दिसलं.

डोळ्यांचं काय झालं होतं

माईंना दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डीजनरेशन आहे, कोरड्या प्रकारचं, बरंच पुढे गेलेलं. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मध्यावर मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. अक्षरं, चेहरे, सुईचं नेढं हे सगळं बारीक काम त्याचं. तो झिजला की नजरेच्या ऐन मधोमध धूसर डाग पडतो आणि कडेचं मात्र दिसत राहतं. इथेच घरच्यांची गल्लत होते. माई घरात कुठेही न अडखळता फिरतात, गॅसजवळ कुणी आलं तर ओळखतात, भिंतीच्या कोपऱ्यात पाल सरकली तर सगळ्यांआधी त्यांनाच दिसते. मग हातातल्या फोनवरची ओळ कशी दिसत नाही? धाकट्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलंच, "खरंच दिसत नाही का? की कंटाळा?"

मी त्याला अंगठा डोळ्यासमोर धरून, अंगठ्याच्या नखाकडेच बघत शेजारच्या वर्तमानपत्राचा मथळा वाचायला सांगितलं. दोन शब्दही वाचता आले नाहीत. त्यानंतर हा प्रश्न घरात पुन्हा निघाला नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची वेगळी व्याख्या आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. म्हातारपणी नजर गेलेली बहुतेक माणसं माझ्याकडे येतात ती या मधल्या पट्ट्यातली. त्यांना आपण दिव्यांग आहोत असं वाटत नाही, घरच्यांना तर नाहीच, आणि म्हणून फोनमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सोयीच्या, सेटिंगकडे कुणी फिरकत नाही.

मोठी अक्षरं, आणि ती का पुरली नाहीत

नातीने आधीच बरंच केलं होतं. फोनची अक्षरं सगळ्यात मोठी, डिस्प्लेचा आकारही वाढवलेला, वर व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट सेटिंगमधला फॉन्टही मोठा. या तिन्ही गोष्टी एकावर एक चढल्या की मेसेजच्या एका ओळीत दोन-तीन शब्द मावतात. 'मुंजीचा मुहूर्त सकाळी' हे वाचून बोट सरकवेपर्यंत मुहूर्त डोक्यातून गेलेला. ज्याची मधली नजर गेली आहे तो एका वेळी एकच अक्षर कडेने पकडतो, त्यामुळे अक्षर मोठं केलं तरी वाचनाचा वेग येत नाही, उलट स्क्रीनवरची जागा हरवते. स्क्रीन तीनदा टॅप करून झूम करण्याची सोयही त्यांनी वापरून पाहिली. झूम झाल्यावर आपण मेसेजच्या डाव्या टोकाला आहोत की उजव्या, हेच त्यांना समजेना.

गडद थीम मात्र कामाची ठरली. पांढऱ्या पडद्याची चकाकी गेली आणि डोळ्यांतून पाणी येणं थांबलं. ती अजूनही चालू आहे.

बरेच प्रशिक्षक इथून थेट टॉकबॅकवर उडी मारतात. टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, २००९ पासून आहे. बोटाखाली जे येईल ते बोलून दाखवतो. माझं मत थोडं वेगळं आहे. टॉकबॅक चालू केला की फोनची सगळी चालच बदलते: एका टॅपने काही उघडत नाही, एका बोटाने पान सरकत नाही. ७७ व्या वर्षी, कालपर्यंत येत असलेली प्रत्येक गोष्ट एकदम येईनाशी होणं हा मोठा धक्का असतो, आणि पहिल्या आठवड्यातच "राहू दे रे बाबा" होऊन जातं. म्हणून आधी सिलेक्ट टू स्पीक लावलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं माणसाच्या आकृतीचं बटण दाबायचं, मग हवा तो मेसेज दाबायचा. तेवढाच वाचला जातो. बाकी फोन होता तसाच. मेसेजचे हिरवे-करडे डाग माईंना कडेच्या नजरेने सापडत होते, त्यामुळे हे त्यांना लगेच जमलं. बहिणीचा जुना मेसेज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या म्हणाल्या, "ही तर केव्हाची विचारतेय, पाय कसा आहे म्हणून."

पदराखालचा फोन

वाचायची सोय झाली, पण पाठवायचं कसं? उत्तराची पेटी, माइक, फोनचं चिन्ह ही सगळी बारीक बटणं त्यांना दिसत नव्हतीच. टॉकबॅक शिकायचा हे मग माईंनी स्वतःच ठरवलं.

खुणा मोजक्या आहेत. बोट ठेवलं की त्याखालचं ऐकू येतं. उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. जे ऐकू आलं ते उघडायचं असेल तर दोनदा टॅप, आणि हा टॅप स्क्रीनवर कुठेही चालतो, त्या बटणावरच हवा असं नाही. हा 'कुठेही' पचायला सगळ्यात जड जातो. त्यातून माईंचा झटका इतका सावकाश असे की फोन त्याला झटका मानायचाच नाही. बोट फिरवून शोधणं चाललंय असं समजून वाटेतलं सगळं बोलत सुटायचा.

आणखी एक अडचण उरलेल्या नजरेचीच होती. 'पाठवा' हे बटण ऐकू आलं की माई मान तिरकी करून ते बघायला जायच्या. मान वळली की हात हलायचा, बोट घसरायचं, भलतंच काही उघडायचं. पूर्ण अंध विद्यार्थी हे लवकर शिकतात, अल्पदृष्टीवाले उशिरा. त्याचं कारण हेच. टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन काळी करून ठेवण्याचा पर्याय आहे, तो मी दाखवणार तेवढ्यात माईंनी टेबलावरच्या फोनवर सरळ पदर टाकला आणि पदराखाली बोट चालवायला लागल्या. चॅट, मावशी, मेसेजची पेटी, माइक. एकही चूक नाही. "डोळाच मध्ये मध्ये येत होता बघ," असं म्हणून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

व्हॉइस मेसेजसाठी माइकवर दोनदा टॅप करून दुसरा टॅप दाबून धरायचा, बोलायचं, बोट उचलायचं. उचललं की मेसेज गेला. सुरुवातीच्या त्यांच्या प्रत्येक मेसेजमध्ये आधी टॉकबॅकचा आवाज आणि मग माईंचा, असं ऐकू येई. ग्वाल्हेरच्या मावशींना वाटलं, माईंनी कुणी बाई ठेवली आहे बोलायला. वायरचा इअरफोन लावून आणि बोट दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायची सवय लागल्यावर ते गेलं. आलेला व्हॉइस मेसेज मोठ्याने वाजू द्यायचा नसेल तर फोन कानाला लावायचा; मग आवाज स्पीकरऐवजी कानापाशी येतो. सासू-सून एका घरात राहतात तिथे या सोयीचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

घरच्यांनाही थोडं शिकावं लागलं. नात रिचार्ज करायला माईंचा फोन घ्यायची, टॉकबॅक बंद करायची आणि परत चालू करायला विसरायची. मग माई तासन्‌तास मुक्या फोनवर बोटं मारत बसायच्या. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र, जरा वेळ दाबून धरली की टॉकबॅक बंद किंवा चालू होतो, हा शॉर्टकट घरातल्या प्रत्येकाला दाखवला, आणि माईंना सगळ्यात आधी.

एकच लिपी, दोन भाषा

इंदूरची खरी गंमत इथे आहे. पुण्यातल्या विद्यार्थ्याला मराठी आवाज लावून दिला की काम होतं. बडोद्यात गुजरातीची लिपी वेगळी, तिथे निदान लिपीवरून तरी भाषा वेगळी काढता येते. इंदुरात कुटुंबाचा ग्रुप मराठी, गल्लीचा हिंदी, आणि दोन्ही देवनागरीत. त्यामुळे अक्षरांवरून भाषा ओळखायला वावच नाही. आवाज हिंदी ठेवला तर मराठीतले दोन प्रकारचे च आणि ज एकाच साच्यातून निघतात. 'चमचा' आणि 'चार' यांतला च सारखाच. मराठी ठेवला तर गल्लीतले मेसेज एखादा पुणेकर हिंदी बोलतोय तसे ऐकू येतात. माईंनी दोन्ही ऐकून मराठी निवडला. "पाण्याची वेळ कळली म्हणजे झालं, त्यात हिंदी शुद्ध कशाला?" टॉकबॅकच्या वाचन-नियंत्रणातून बोलण्याची भाषा चटकन बदलता येते, तेही शिकवलं होतं, पण त्या ती कधी बदलत नाहीत.

याहून मोठा घोळ रोमन लिपीतल्या मराठीचा. घरातली तरुण मंडळी 'उद्या सकाळी आठला निघतोय' हे इंग्रजी अक्षरांत लिहितात. वाचणारा आवाज ते इंग्रजीच्या हिशेबाने उच्चारतो, आणि निघतं ते कुठल्याच भाषेत बसत नाही. फोनबुकातही तेच. 'मावशी ग्वाल्हेर' रोमनमध्ये, मुलाच्या नावापुढे दोन बदाम, बडोद्याच्या भाच्याचे नवा नंबर, जुना नंबर असे दोन. एका दुपारी नातीने बसून महत्त्वाची सगळी नावं देवनागरीत केली, बदाम काढले, जुने नंबर पुसले. मुलगा, बहीण आणि कुटुंबाचा ग्रुप ही तीन चॅट वर पिन केली, सुविचारांचे ग्रुप आर्काइव्हमध्ये टाकले. सेटिंगमध्ये तासभर घालवून जे मिळालं नसतं ते या कामातून मिळालं. चॅटची यादी उघडताच पहिल्या तीन झटक्यांत आपली माणसं सापडतात, आणि त्यांची नावं नीट ऐकू येतात.

ग्रुपकडून काय हवं होतं

या प्रकरणात फोनचा वाटा निम्माच होता असं माझं मत झालं. स्क्रीन रीडर मजकूर वाचतो. ज्यात मजकूरच नाही तिथे तो 'फोटो' म्हणून पुढे जातो. मुंजीची पत्रिका, नाटकाच्या प्रयोगाचं पोस्टर, डॉक्टरांच्या कागदाचा फोटो, गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं शुभ सकाळ, सगळं 'फोटो'. चित्रातली अक्षरं ओळखून वाचणारी साधनं आहेत. गूगल लेन्स देवनागरीही ओळखतं. पण पत्रिकेतली वेलबुट्टीची अक्षरं, गणपतीच्या सोंडेखाली तिरका लिहिलेला मजकूर यांत ते अडखळतं, आणि फोटो लेन्सकडे न्यायच्या पायऱ्या माईंना कटकटीच्या वाटल्या. पाठवणाऱ्याने फोटोखाली एक ओळ लिहिली तर हा सगळा खटाटोप वाचतो.

ते सांगायचं कोणी? सूनबाई तयार नव्हत्या, "सासरच्यांना मी कशी शिकवू?" शेवटी माईंनीच व्हॉइस मेसेज टाकला, जवळपास असा: मी रुसलेली नाही. मला मधलं दिसत नाही. फोटो टाकाल तर खाली काय आहे ते लिहा, मराठी मराठीत लिहा, नाहीतर बोला. आणि ते नमस्काराचे हात एकदाच टाका, दहा नको.

शेवटची विनंती हसण्यावारी गेली, पण तिच्यामागे त्रास खरा आहे. प्रत्येक चिन्हाचं नाव वाचलं जातं, आणि चिन्हांच्या रांगेतून मूळ मजकूर शोधून काढावा लागतो.

परिणाम सगळीकडे सारखा झाला नाही. ग्वाल्हेरच्या मावशींनी त्याच संध्याकाळी फोन केला आणि दोघी बराच वेळ बोलल्या. बंगळुरूच्या भाच्यांना देवनागरी टाइप करायचा कंटाळा. त्यांना कीबोर्डवरचा माइक दाखवला. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठी बोलून लिहिता येतं. अजून निम्म्या लोकांना हे ठाऊक नाही. त्यांचे मेसेज आता देवनागरीत येतात, शुद्धलेखन जरा विनोदी असतं. बडोद्याच्या काकांनी मात्र "एका माणसासाठी सगळ्यांनी का बदलायचं" असं लिहिलं, आणि त्यांची गुलाबाची फुलं बिनओळीची अजून येतात. पुतण्याने आपणहून एक काम अंगावर घेतलं आहे: कुणी पत्रिका टाकली की तो तिच्याखाली तारीख, वेळ, ठिकाण टाइप करतो. याचा फायदा चष्मा विसरलेल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनाही होतो, हे त्याला नंतर कळलं.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण दृष्टिहीन आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या लोकांच्या केवायसीचं होतं. बँकेला, सरकारी पोर्टलला त्याचा दाखला देता येतो. बडोद्याच्या काकांना कसला देणार?

एका बाबतीत माई घरातल्या सगळ्यांच्या पुढे निघाल्या. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल पाठवून फोनचा ताबा घ्यायचा, ही फसवणूक २०२४ पासून गाजते आहे. बघणारा माणूस पत्रिकेचं नाव पाहून चटकन दाबतो. माईंना फाइलचं नाव शेपटासकट ऐकू येतं. अशी एक फाइल गल्लीच्या ग्रुपवर आली तेव्हा त्यांनी नातीला हाक मारून विचारलं, "ही एपीके काय भानगड आहे? पत्रिका असती तर पीडीएफ म्हणाला असता." ग्रुपवर इतरांना सावध करणारा व्हॉइस मेसेजही त्यांचाच होता, आणि हिंदीत.

सध्याची स्थिती

माई मेसेज ऐकतात, बहुतेक उत्तरं बोलून देतात. टाइप करणं त्यांनी सोडून दिलं आहे आणि त्याची मला खंत नाही. आवाजाने काम होत असताना बोट उचलून अक्षर टाकायची कसरत कशाला? ग्रुपवरचे पोल, स्टिकर, मेसेजवरच्या प्रतिक्रिया यांकडे त्या लक्ष देत नाहीत. बोलण्याचा वेग आम्ही सुरुवातीला अगदी कमी ठेवला होता, तो त्यांनी स्वतः वाढवत नेला आहे. आता शेजारी बसलेल्या सुनेला तो समजत नाही. उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं आहे, म्हणून अ‍ॅक्सेसिबिलिटीचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा वाढवून दिला आहे आणि कानाची तपासणी करून घ्यायला सांगितलं आहे. डोळा आणि कान दोन्ही कमजोर झाले तर आज बसवलेली ही घडी मोडेल, त्यामुळे ती तपासणी लांबवू नये असं मुलाला लेखी दिलं आहे.

राहिलं यूपीआय. भाजीवाल्याला पैसे स्वतः पाठवायचे आहेत, असं माईंचं म्हणणं. पिन टाकताना आकडे मोठ्याने बोलले जाणार नाहीत याची काळजी इअरफोनने घेता येईल, खात्यात थोडेच पैसे ठेवता येतील, हे मी सांगितलं आहे. मुलाचा विरोध आहे, नात माईंच्या बाजूने आहे, सूनबाई म्हणतात दिवाळीनंतर बघू. माईंनी परस्पर मला पुढच्या बुधवारी बोलावलं आहे.